उपग्रहाला ट्रकची उंची ठाऊक नसते

२९ जानेवारी २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून शंभरावे प्रक्षेपण झाले. त्यातून गेलेला ‘एनव्हीएस-०२’ हा दिशादर्शक उपग्रह अवकाशात पोहोचला खरा, पण कक्षा उंचावणाऱ्या यंत्रणेची झडप उघडली नाही आणि तो नेमलेल्या जागी जाऊ शकला नाही. ‘नाविक’ या भारतीय प्रणालीचे आता काय होणार, याची चर्चा देशभर झाली. ती व्हायलाच हवी होती. मात्र या साऱ्या खटाटोपाचा शेवट जिथे होतो ती जागा म्हणजे एखाद्या ट्रकची केबिन, आणि तिथला प्रश्न थोडा निराळा असतो.

कानपूरहून गुवाहाटीला निघालेला एक बारा चाकी बंद कंटेनर. मुझफ्फरपूर मागे पडले आहे आणि राष्ट्रीय महामार्ग २७ वर वाहनांची रांग तासाभरापासून हललेली नाही. क्लीनर एकोणीस वर्षांचा. त्याच्या हातातला मोबाइल डावीकडची एक वाट दाखवतो आहे.

“उस्ताद, इथून आत घ्या. चाळीस मिनिटं वाचतील.”

उस्तादाची तीस वर्षे स्टिअरिंगवर गेली आहेत. तो गाडी आत घेत नाही. कडेच्या ढाब्यापाशी लावतो आणि खाली उतरतो.

मोबाइल खोटे बोलत नव्हता. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे जीपीएसचे उपग्रह अखंड आपली वेळ प्रक्षेपित करत असतात. किमान चार उपग्रहांचे संदेश मिळाले, की ते पोहोचायला लागलेल्या वेळेवरून यंत्र आपले स्थान काढते. तीन उपग्रह पुरत नाहीत, कारण स्थानाच्या तीन अंकांबरोबर यंत्राच्या स्वतःच्या घड्याळातली चूकही शोधावी लागते. एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची गफलत झाली, तर स्थान ३०० मीटरने चुकू शकते. म्हणून उपग्रहात अणुघड्याळ लागते. १ जुलै २०१३ रोजी सोडलेल्या ‘आयआरएनएसएस-१ए’ची तिन्ही परदेशी घड्याळे पुढे बंद पडली आणि स्थाननिश्चितीसाठी तो निरुपयोगी ठरला. २९ मे २०२३ रोजी गेलेल्या ‘एनव्हीएस-०१’मध्ये म्हणूनच भारतात घडवलेले रुबिडियम घड्याळ बसवले गेले.

इतक्या सूक्ष्म गणितातून पडद्यावर एक निळा ठिपका उमटतो. ‘तू इथे आहेस’ एवढेच तो सांगतो. ‘इथून पुढे जा’ हे वाक्य उपग्रहाचे नसते; ते नकाशाचे असते, आणि मोबाइलमधला तो नकाशा बहुधा मोटारीचा विचार करून मार्ग काढतो. त्याला ट्रकची उंची, रुंदी, वजन यांपैकी काहीच ठाऊक नसते.

ढाब्यावर एक ट्रॅक्टरवाला चहा घेत बसला होता. त्याने एका वाक्यात निकाल दिला : आत रेल्वेखालून भुयारी मार्ग आहे, उंची बारा फूट. कंटेनर तेरा फुटांचा. अंधारात, मागे गाड्या लागलेल्या असताना, त्या अरुंद रस्त्यावरून बारा चाके उलटी काढायची म्हणजे काय, हे उस्तादाला पोराला समजावून सांगावे लागले नाही.

नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या अर्धवट पुलावरून एक मोटार खाली कोसळली आणि तिघांचा जीव गेला. मार्ग मोबाइलवर पाहून ते चालले होते, असे समोर आले. नकाशातला पूल अखंड होता.

म्हणून यंत्र निवडताना पडदा किती मोठा, हा प्रश्न शेवटचा. गाडीची उंची, रुंदी आणि वजन त्यात भरता येते का, आणि आपल्या मार्गावरच्या पुलांची माहिती नकाशात खरोखर आहे का, हे आधी पाहावे. नकाशा निघण्यापूर्वी उतरवून घ्यावा. उपग्रहाच्या संदेशाला मोबाइलचे नेटवर्क लागत नाही, नकाशाला बहुधा लागते. पोहोचण्याची वेळही मोटारीच्या वेगाने काढलेली असते. मालवाहू गाडीला चौपदरी रस्त्यावर ताशी ८० किलोमीटरची मर्यादा आहे. तरी मालक तीच वेळ पाहून फोन करतो, आणि ती गाठण्यासाठी झोप मोडली जाते. हा धोका बुटक्या पुलाहून लहान नाही.

रात्री दोनला रांग हलली. उजाडता उजाडता ट्रक कोसी महासेतूवर आला. खाली नदी वाळूतून अनेक धारांनी पसरलेली होती.

“हा पूल २०१२ मध्ये सुरू झाला,” उस्ताद म्हणाला. “त्याआधी आम्ही फार लांबचा वळसा घालून पलीकडे जायचो.”

दोन्ही काठांचे अक्षांश-रेखांश तेव्हाही हेच होते. उपग्रहाने तेव्हाही ते अचूक सांगितले असते.

पोराने मोबाइल काढला. रात्रीच्या त्या फाट्यावर खूण केली आणि लिहिले : ‘भुयारी मार्ग, बारा फूट. कंटेनर जाणार नाही.’ मग विचारले, “उस्ताद, आणखी कुठे कुठे असे आहेत?”

“लिही,” उस्ताद म्हणाला. गुवाहाटी येईपर्यंत तो सांगत राहिला.