जुन्या यंत्राची डागडुजी

आमच्या घरांत कोणतीहि वस्तु सहजासहजीं निवृत्त होत नाहीं. तीर्थरूपांच्या छत्रीला दोनदां नवें कापड व एकदां नवी मूठ बसली, तरी ती त्यांचीच छत्री म्हणून अद्यापि दाराआड उभी आहे. अशा घरांत सात वर्षांच्या संगणकाला कोणी म्हातारा म्हणावें, हेंच आम्हांला उद्धटपणाचें वाटलें. परंतु २०२५ च्या मे महिन्यांत आमच्या धाकट्या चिरंजीवांनीं हा विषय रात्रीच्या पानावर काढला. आणि तोहि कशासाठीं, तर खेळासाठीं! अभ्यासाला आहे तो संगणक पुरतो, हें त्यांनीं स्वतःच कबूल केलें. आम्हीं ताक मागितलें व विषय तेथेंच संपला.

निदान आम्हांला तसें वाटलें. हातावर पाणी पडतांच वहिनी म्हणाल्या, "भावजी, रविवारीं साडेआठला एकदां त्याच्या खोलीच्या दाराशीं उभे राहा. आंत जाऊं नका, बोलूं नका. नुसते उभे राहा."

आमच्या वहिनींनीं तीस वर्षें शाळेंत गणित शिकविलें आहे. त्यांनीं उदाहरण घातलें कीं तें सोडविल्यावांचून सुटका नसते.

आमचा थोरला मुलगा २०२२ सालीं शिक्षणासाठीं जर्मनीस गेला. उन्हाळ्यांत तिकडे सायंकाळचे पांच वाजतात तेव्हां आपल्याकडे साडेआठ होतात, आणि दर रविवारीं त्या वेळीं हे दोघे भाऊ एकाच खेळांत एकाच पक्षाकडून उतरतात, एवढें आम्हांला ठाऊक होतें. टेलिफोनवर आमच्याशीं थोरल्याचें भाषण ठराविक असतें: बरा आहे, जेवलों, थंडी आहे. येथें मात्र तो बोलत होता. बंदुकांच्या आवाजांतून, "डावीकडे बघ, डावीकडे" अशा हांकांतून, मध्येंच घरमालकिणीचें मांजर येत होतें, मध्येंच आजीच्या मेतकुटाची आठवण निघत होती. मग त्याचा आवाज खालीं आला. "खरें सांगूं का तुला, गेले दोन महिने मी—"

आणि पडदा थिजला. धांवणारा माणूस अधांतरीं राहिला, आवाज गप्प झाला. धाकट्यानें दोन्ही हात डोक्याला लावले. अर्ध्या मिनिटानें सर्व पुन्हां सजीव झालें तेव्हां डाव हरला होता, आणि थोरला म्हणत होता, "जाऊं दे. पुढचा डाव घे."

गेले दोन महिने काय? हा प्रश्न घेऊन आम्ही माघारे फिरलों. वाचकहो, दाराआडून ऐकणें हें सभ्यपणाचें नव्हे हें आम्ही जाणतों. आणि म्हणूनच तो प्रश्न कोणाला विचारण्याची आम्हांला सोय राहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं यंत्राची जन्मपत्रिका मागविली. जन्म २०१८ च्या दिवाळीचा. रायझन ५ २६०० हा सहा गाभ्यांचा प्रोसेसर, ८ जीबी रॅमची एकच पट्टी, मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी हार्ड डिस्क आणि जीटीएक्स १०५० टीआय नांवाचें ग्राफिक्स कार्ड. त्या काळीं हे दोघे काउंटर-स्ट्राइक या खेळाची जुनी आवृत्ति खेळत, आणि ती या यंत्रावर विनातक्रार चाले. पुढें २७ सप्टेंबर २०२३ रोजीं खेळाच्या कर्त्यांनीं दुसरी आवृत्ति काढून ती जुनीच्याच जागीं आणून बसविली. नवीला डिस्कवर ८५ जीबी जागा हवी, आणि रॅम किमान ८ जीबी. म्हणजे आमच्याकडे होती तेवढी सगळी. यंत्र होतें तसेंच होतें, मागणी वाढली. पेन्शनीवर घर चालविणारांना हा प्रकार अधिक फोड करून सांगावयास नको.

गच्चीची गळती बंद करण्याकरितां आम्हीं पंधरा हजार रुपये बाजूला ठेविले होते. तेवढीच आमची धांव. ते खिशांत घालून आम्ही पितापुत्र ठाण्याहून निघालों, दादरला गाडी बदलली आणि ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर गेलों. एका दुकानदारानें आमच्या यंत्राचें वर्णन ऐकून केवळ मान हलविली व नव्याची किंमत पाऊण लाख सांगितली. दुसरा म्हणाला, निदान कार्ड तरी बदला. नवें बावीस हजार, वापरलेलें बारा. धाकट्याचे डोळे चमकले. पण इथीरियम नांवाचें जें आभासी चलन आहे, तें मिळविण्यासाठीं लोक अशीं कार्डें रात्रंदिवस राबवीत, आणि सप्टेंबर २०२२ मध्यें त्या चलनाची पद्धत बदलल्यावर तीं राबलेलीं कार्डें जुन्या बाजारांत आलीं, असें आमच्या वाचनांत होतें. घाण्याचा बैल शर्यतीसाठीं विकत घेण्यास आमचें मन धजेना. आम्ही रिकाम्या हातांनीं व एकेक उसाचा रस पिऊन परतलों.

वहिनींनीं सर्व ऐकून घेतलें व विचारलें, "पण अडतें कोठें, हें पाहिलेंत का?"

तें आम्हीं पाहिलें नव्हतें. दुकानदारांनींहि नाहीं.

"मुंजीच्या घरीं पंगत खोळंबली," वहिनी म्हणाल्या, "तर लाटणारी मागें पडली कीं भाजणारी, हें आधीं पाहावें लागतें. लाटणारीच मागें असेल तर दुसरा तवा आणून काय भाजणार?"

धाकट्याला हा दृष्टांत फार आवडला, आणि पुढचें त्यानेंच जुळविलें. प्रोसेसर पोळी लाटतो, ग्राफिक्स कार्ड भाजतें. रॅम म्हणजे हाताशीं असलेला ओटा, आणि हार्ड डिस्क म्हणजे माळ्यावरची कोठी. ओटा भरला कीं प्रत्येक वाटीसाठीं शिडी चढून माळ्यावर जावें लागतें. त्यांतून आमच्या कोठींत ग्रामोफोनसारखी फिरती तबकडी, म्हणजे तेथें गेल्यावरहि हवी ती जागा समोर येईपर्यंत थांबा. परीक्षा सोपी होती. खेळांतील चित्राची स्पष्टता मुद्दाम उतरवावयाची, म्हणजे तव्यावरचा भार कमी होतो. त्यानें वेग वाढला तर दोष कार्डाचा; न वाढला तर दुसऱ्या कोणाचा. स्पष्टता उतरविली. वेग जेमतेम हलला, आणि थिजणें तसेंच राहिलें. शेजारच्या आलेखांत त्या क्षणीं रॅम कांठोकांठ भरलेली व डिस्क १०० टक्के गुंतलेली दिसत होती. ज्या कार्डावर आम्ही बारा हजार घालविणार होतों, तें बिचारें तवा तापवून स्वस्थ बसलें होतें.

मग फुकटचे उपाय आधीं झाले. पेटी उघडली तेव्हां पंख्यावर धुळीचा असा थर निघाला, कीं आईनें त्याची उशी भरेल म्हणून थट्टा केली. प्रोसेसर नव्वद अंशांपर्यंत तापत होता. नुसती धूळ झटकल्यानें तो बराच निवळला. दुसरी गोष्ट मात्र आम्हांला लाज आणणारी निघाली. ३,००० च्या वेगाची म्हणून जास्त दाम देऊन घेतलेली रॅम सात वर्षें २,१३३ नें चालत होती, कारण बायॉसमधील एक पर्याय चालू करावा लागतो आणि तो कोणीं केलाच नव्हता. पगार पूर्ण घेणारा व काम दोन तृतीयांश करणारा नोकर सात वर्षें घरांत होता. दोष आमचा, त्याचा नव्हे.

खरेदी लवकर आटोपली. त्याच जातीची ८ जीबीची दुसरी पट्टी १,७०० ला. एका पट्टीऐवजीं दोन बसल्या कीं टांकी दोन नळांनीं भरते. ५०० जीबीची एसएसडी, जींत फिरतें कांहींच नाहीं, ३,००० ला. आणि २०२२ सालीं निघालेला रायझन ५ ५६०० हा प्रोसेसर ९,४०० ला, कारण आमच्या मदरबोर्डाची बैठक त्यालाहि चालते. हा या घराण्याचा गुण आम्हांला मनापासून आवडला. नव्या सुनेसाठीं स्वयंपाकघर पाडावें लागलें नाहीं. कार्ड जुनेंच ठेविलें. पुढें वर्षाच्या अखेरीस रॅमचे भाव भडकले, तेव्हां आमच्या दूरदृष्टीची घरांत तारीफ झाली. ती आम्हीं नाकारली नाहीं.

परंतु नवा प्रोसेसर बसविण्यापूर्वीं, जुना जागेवर असतांनाच, बायॉस नवें करावें लागतें. यंत्र ज्या पहिल्या आज्ञेनें उठतें तीच बदलावयाची. मध्यें वीज गेली तर तें पुन्हां उठेलच असें नाहीं. आणि मे महिन्यांत वीज कोणाला विचारून जाते? आम्हीं सकाळीं सहाची वेळ धरली. पाण्याचा पंप बंद, मिक्सर बंद, पुतणीची इस्त्री बंद. आई देवापाशीं जाऊन म्हणाली, "निरांजन लावून ठेवतें. वीज गेलीच तर निदान उजेड राहील." पडद्यावर पांढरी रेघ मुंगीच्या पावलानें सरकत होती. चार मिनिटें घरांत कोणीं चहाचेंहि नांव काढलें नाहीं. रेघ पूर्ण झाली, यंत्र आपण होऊन मिटलें व उघडलें, आणि सर्वांनीं एकदम बोलावयास सुरुवात केली.

त्या आनंदांतच घात झाला. वरचा पंखा उचलतांना वाळलेल्या लेपासकट जुना प्रोसेसर बैठकींतून उपटून वर आला, आणि त्याच्या पोटाखालच्या दोन पिना वांकल्या. नवा न चालला तर परतीची वाट बंद! धाकटा पांढराफटक पडला. वहिनींनीं चष्मा लावला व शिवणाची सुई मागितली.

"पिना किती रे असतात?"

"१,३३१, काकू."

"अकराचा घन," त्या म्हणाल्या, आणि वळणाऱ्या मुलाला ओळींत उभें करावें तशा त्यांनीं त्या दोन पिना सरळ केल्या.

नवा बसला. कळ दाबल्यावर पडदा कितीतरी वेळ काळाच राहिला, मग उजळला. त्याच दिवशीं एसएसडीवर विंडोज ११ घातलें; विंडोज १० चा मोफत सांभाळ १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता, तेव्हां तेंहि काम उरकलें. खेळांतील चित्रें पूर्वीइतकींच साधीं आहेत, पण थिजणें थांबलें.

जूनच्या पहिल्या रविवारीं आम्ही दाराशीं गेलों नाहीं. पुढच्या खोलींत वर्तमानपत्र धरून बसलों. नऊच्या सुमारास धाकटा बाहेर आला. "बाबा, दादा म्हणतोय, तुम्ही जरा आंत या."

त्यानें आमच्या कानांवर ते मोठे हेडफोन बसविले. पडद्यावर खेळ थांबलेला होता. थोरला थोडा वेळ कांहींच बोलला नाहीं. मग एका दमांत बोलला. ज्या प्रकल्पांत तो काम करीत होता त्याचा पैसा मार्चअखेर बंद झाला. तेव्हांपासून तो एका बेकरींत पहाटेचें काम करून फी व भाडें भागवितो. आम्हांला सांगितलें नाहीं, कारण आम्ही परत बोलावूं.

"परत ये" हे शब्द आमच्या तोंडापर्यंत आले होते. आम्हीं विचारलें, "पहाटे किती वाजतां उठतोस?"

"साडेतीनला, बाबा."

"आणि निजतोस केव्हां?"

तो सांगूं लागला. मध्यें कोठें तुटलें नाहीं. तेवढ्यांत बाहेर पावसाची सर आली, आणि गच्चीखालच्या खोलींत बादली ठेवण्यासाठीं वहिनी उठल्या.