डभोईची वेस

इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात डभोईच्या वाट्याला फार तर एक ओळ येते. 1 एप्रिल 1731 रोजी पहिल्या बाजीरावाने सेनापती त्र्यंबकराव दाभाडे यांचा डभोईजवळ पराभव केला. गेली सत्तावीस वर्षे ही ओळ मी वर्गात सांगत आलो आहे. मुले ती पाठ करतात, एका गुणाचे उत्तर लिहितात आणि विसरतात. त्या डभोईला जाण्याचा योग मात्र यंदा पौषात आला, आणि तो आणला आमच्या गणिताच्या गुरुजींनी.

हे गुरुजी जातिवंत गुजराती. सारी शाळा त्यांना ‘भाई’ म्हणते. पण त्यांची सगळी नोकरी मराठी माध्यमाच्या आमच्या शाळेत झाली. आमचे नवापूरही तसेच आहे. रेल्वेचे तिकीट महाराष्ट्रात काढायचे आणि स्टेशनमास्तरांना भेटायला गुजरातेत जायचे; दोन्ही एकाच फलाटावर! भाई गेल्या जूनमध्ये निवृत्त झाले. आता बिऱ्हाड मुलाकडे वडोदऱ्याला हलवायचे ठरले होते. जागा पाहायला ते निघाले तेव्हा म्हणाले, “सर, दोन दिवस चला. तुमचे डभोईही पाहून होईल.”

‘तुमचे डभोई’ हा शब्द मला थोडा लागला. गाव त्यांच्या भाषेचे आणि लढाई आमची, असा त्याचा अर्थ होता.

सुरतेवरून वडोदऱ्याला पोहोचलो. सकाळी सेव-उसळ खाल्ली (ही उसळ मराठी की गुजराती, यावर गाडीवाल्याने उत्तर न देता आणखी रस्सा वाढला) आणि डभोई गाठले. वडोदऱ्याहून अंतर सुमारे तीस किलोमीटर. गावाला चार दिशांना चार जुने दरवाजे आहेत. त्यांतला पूर्वेचा हिरा भागोळ पाहून मी बराच वेळ बोललोच नाही. वालुकाश्मावरचे कोरीवकाम इतके दाट, की हात टेकायला कोरी जागा सापडू नये. एका बाजूला कालिकामातेचे देऊळ. किल्ला सिद्धराज सोळंकीच्या काळचा मानतात. पुढे तेराव्या शतकात वाघेला राजा वीसलदेवाने तो सजवला. हिरा नावाच्या शिल्पकाराने आपल्या प्रियेसाठी इथले दगड चोरून तळे बांधले, म्हणून राजाने त्याला भिंतीत चिणले, अशी दंतकथा आहे.

“भागोळ म्हणजे काय हो?” मी विचारले.

“आपली वेस,” भाई सहज म्हणाले.

सकाळी ‘तुमचे’ म्हणणाऱ्या माणसाच्या तोंडी आता ‘आपली’ आले होते. मी काही बोललो नाही.

वेशीपाशी बसून मी त्यांना लढाई सांगितली. गुजरातच्या चौथाईवरून पेशवा आणि सेनापती यांच्यात तेढ पडली होती. दोघेही छत्रपती शाहूंचेच सेवक. त्र्यंबकराव हत्तीवरून लढताना गोळी लागून पडले. भाईंनी गणिताच्या माणसासारखा एकच प्रश्न केला : “दोन्हीकडे मराठेच. मग जिंकले कोण?”

या प्रश्नाचे उत्तर एका गुणात बसत नाही. दाभाड्यांच्या बाजूने लढलेले पिलाजी गायकवाड त्या दिवशी हरले, पुढच्याच वर्षी डाकोरला दगाफटक्याने मारले गेले. पण 1734 पासून वडोदरा त्यांच्याच घराण्याकडे राहिले. याच डभोईहून मियागामपर्यंत 1862 साली खंडेराव गायकवाडांच्या कारकिर्दीत अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून गाडी धावली. देशातली ही पहिली नॅरोगेज, आणि ती ओढायला होते बैल! पुढे सयाजीरावांनी 1906 मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. राजा मराठी, पण खेड्यापाड्यांतली मुले बहुतेक शिकली ती गुजरातीतून. हरलेल्यांच्या वारसांनी या मुलखाला दिले ते असे.

दुपारी रेल्वे स्टेशनावर गेलो. आता इथे ब्रॉडगेज आहे. 2021 पासून गाड्या थेट केवडियापर्यंत जातात. बाकावर बसल्यावर भाई दयारामाची एक गरबी गुणगुणू लागले. हा कवी 1777 मध्ये जवळच चांदोदला जन्मला आणि डभोईत राहिला. त्याने मराठीतही रचना केल्याचे मी सांगितले, तेव्हा भाई गुणगुणायचे थांबले.

“सर,” ते म्हणाले, “घरी आता माझ्याशी मराठी बोलायला कोणी नसेल. नातू विचारतो, दादा, तमे आवुं केम बोलो छो? मी हिशेब अजून मराठीत करतो हो. सात साते एकोणपन्नास असेच मनात येते. हे सगळे दोन वर्षांत जाईल.”

मुले-सुना, जागा, पेन्शन यांबद्दल आम्ही वर्षभर बोललो होतो. ही धास्ती मात्र त्यांनी प्रथमच बोलून दाखवली. आणि मला जाणवले, की ते गेल्यावर माझे गुजरातीही जाणार आहे. ती मी शिकलो तीच मुळी त्यांच्याशी भांडताना.

परतीच्या वाटेवर आम्ही एक करार केला. महिन्याला एक पत्र. त्यांनी मला मराठीत लिहायचे, मी त्यांना गुजरातीत. टेलिफोन चालणार नाही. त्यावर माणूस सोपी भाषा निवडतो.

आपल्या दुभाषी जिल्ह्यांतल्या कितीतरी घरांत दुसरी भाषा अशी मुकाट्याने निघून जाते. तिच्यासाठी ना मोर्चा निघतो, ना ठराव होतो. बोलणारा एक माणूस गाव सोडतो, एवढेच घडते.

चैत्रात भाईंचे पहिले पत्र आले. अक्षर फळ्यावर असायचे तसेच, वेलांट्या मात्र जरा डळमळू लागलेल्या. डभोईची आठवण लिहिताना त्यांनी आधी ‘भागोळ’ लिहून खोडले होते आणि वर ‘वेस’ लिहिले होते. मी उत्तर लिहायला बसलो. गुजरातीत ‘वेस’ लिहिण्याचा मोह झाला, पण कराराप्रमाणे ‘भागोळ’च लिहिले.