म्हातारपण साठीला सुरू होत नाही

१९७२ च्या दुष्काळात आम्ही सात-आठ वर्षांचे होतो. नांदेड जिल्ह्यातल्या आमच्या गावी आई-बाप दुष्काळी कामावर खडी फोडायला जात आणि आम्ही धाकट्या भावंडांना काखेत घेऊन मागे मागे. मिलोची लाल भाकर आणि कामावर मिळणारी सुकडी, एवढाच पोटाला आधार. गावच्या विहिरीवर आम्हाला शिवू देत नव्हते. कुणी वरून ओतलं तर घागर भरायची, नाहीतर ओढ्यातला झिरा उपसायचा. त्या दुष्काळातून वाचलेली लेकरं आज साठीत आहेत.

मागच्या १४ एप्रिलला वस्तीतल्या विहारात आरोग्य तपासणी ठेवली होती. आमच्याच वयाच्या माणसांची रांग लागली. कुणाला शुगर, कुणाला बीपी, कुणाला दम. तरुण डॉक्टर प्रत्येकाला विचारत होते, तंबाखू खाता का, मीठ किती, रोज चालता का? प्रश्न चुकीचे नव्हते. पण रांगेतली एक अक्का हसून म्हणाली, "चालता का म्हणून काय इचारता बाबा, जलमभर चालूनच गुडघे गेले की!" लहानपणी पोटभर मिळत होतं का, कितव्या वर्षी कामाला लागलात, हे मात्र कुणीच विचारलं नाही.

हा प्रश्न भावनेचा नाही, विज्ञानाचा आहे. जन्मतः कमी वजनाच्या बाळांना पुढे हृदयविकाराचा धोका जास्त असतो, हे इंग्लंडमध्ये डेव्हिड बार्कर यांनी मांडलं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुणे जिल्ह्यातल्या गावांत गरोदर माता आणि त्यांची मुलं वर्षानुवर्षं तपासली. हडकुळ्या दिसणाऱ्या बाळांच्या अंगातही चरबीचं प्रमाण तुलनेनं जास्त आढळलं. मधुमेहाची मुळं आईच्या उपासमारीपर्यंत जातात, ती अशी. २०१७-१८ च्या 'लासी' या राष्ट्रीय सर्वेक्षणात ४५ वर्षांवरच्या ७२ हजारांहून अधिक लोकांना बालपणीची तब्येत आणि घरची आर्थिक स्थितीही विचारली गेली. म्हणजे सरकारला हा प्रश्न माहीत आहे. तो दवाखान्यापर्यंत आणि योजनेपर्यंत पोचलेला नाही.

काही जण म्हणतात, "जुनी माणसं कष्टानं काटक होती." मित्रांनो, काटक दिसतात ती उरलेली माणसं. जी चाळिशी-पन्नाशीतच गेली, त्यांची मोजदाद कोण करतो? आणि भूक सगळ्यांच्या वाट्याला सारखी आली नव्हती. कुणाकडे जमीन होती, कुणाकडे विहीर होती, ते जातीनं ठरवलं होतं. १९७८ ला नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यात वस्त्या जळाल्या, तेव्हा हीच लेकरं आई-बापाचा हात धरून रानात लपली. ती भीतीही शरीर विसरत नाही.

बाबासाहेबांना हा धागा दिसत होता. १९२८ साली मुंबई विधिमंडळात त्यांनी कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला. संविधानाचं कलम ४७ पोषण आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणं हे राज्याचं प्राथमिक कर्तव्य मानतं, कलम ४१ म्हातारपणी साहाय्याची तरतूद करायला सांगतं. आज श्रावणबाळ योजनेचे महिना १,५०० रुपये मिळायला ६५ वर्षं पूर्ण व्हावी लागतात. आठव्या वर्षी खडी उचललेलं शरीर आणि पंचविसाव्या वर्षी खुर्चीत बसलेलं शरीर ६५ ला सारखंच म्हातारं होतं काय? अंगमेहनत करणाऱ्यांसाठी ही अट खाली आली पाहिजे.

लातूर आणि नांदेड आज डॉक्टर घडवणारी शहरं म्हणून ओळखली जातात. नीटच्या तयारीला आपलीही पोरं तिथं खोल्या करून राहतात. त्यांना आमचं एकच सांगणं आहे. उद्या समोर अशी अक्का बसली, तर मिठाच्या आधी तिचं बालपण विचारा. आणि आज ऊसतोडीच्या फडात, वीटभट्टीवर आई-बापामागे फिरणारं लेकरू अंगणवाडीत पोचवा. त्याचं म्हातारपण आजच सुरू झालं आहे.

जय भीम!