केशोरीचे अंगण आणि आबाजींची बिडी

सुट्टीत केशोरीला मामाच्या गावी निघालात? मग पुस्तके राहिली तरी चालतील, पण दम्याचा पंप विसरू नका बरं!

गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी-मोरगाव तालुक्यातले हे जंगलाकडचे गाव. उन्हाळ्यात या भागात तेंदूची पाने तोडतात, ७०-७० पानांचे पुडे बांधून वाळवतात. याच पानात तंबाखू गुंडाळली की झाली बिडी.

रात्री अंगणात खाटा पडतात. आबाजी वाघाची गोष्ट सुरू करतात आणि वाघ येण्याआधीच बिडी पेटवतात! दमा असलेल्यांच्या श्वासनळ्या मुळातच हळव्या. धुराने त्या आवळतात, छातीत शिट्टी वाजू लागते. सार्वजनिक जागी धूम्रपान करायला २००८ च्या नियमांनी बंदी आहे. पण घरच्या अंगणात कोण अडवणार? तिथे आपणच बोलायचे.

मी लहानपणी लाजून गप्प राहिलो आणि रात्रभर उशीला टेकून बसलो. तुम्ही तसे करू नका. दिवसाउजेडीच सांगा, "आबाजी, गोष्ट ऐकायचीय, पण धुराने मला दम लागतो." पंप घेऊनही दम थांबला नाही, तर मात्र मोठ्यांना लगेच उठवा, दवाखाना गाठा.

आबाजींची बिडी काही एका दिवसात सुटणार नाही. ते उठून पार रस्त्यापलीकडे जातील. तोवर वाघ झुडपातच बसेल. बसू द्या.