दोन बोटे कमी

खोपोलीजवळ २०१३ साली ‘इमॅजिका’ हे मनोरंजन-उद्यान सुरू झाले. गेल्या मे महिन्यात आम्ही सहकुटुंब तेथे गेलो. आईला न्यावे की नाही, यावर आदल्या रात्री आमचे दबक्या आवाजात खलबत झाले होते. सौ.ने टोप्या, पाणी, औषधे आठवणीने घेतली. मी मराठीचा प्राध्यापक, मी फक्त सूचना केल्या!

रोलर कोस्टरपाशी उंचीची पट्टी होती. धाकटा दोन बोटे कमी भरला. थोरली ऐटीत पुढे गेली आणि याचे डोळे डबडबले. माझी सगळी व्याख्याने फुकट गेली. शेवटी आई म्हणाली, “अरे, मला तरी कुठं घेतायत? चल, आपण नापास मंडळी सावलीत बसू.”

रात्री त्याला विचारले, “सर्वांत काय आवडलं?” म्हणाला, “आजीची गोष्ट.”

तेव्हा वाचकहो, मुलांची उंची घरीच मोजा आणि कमी भरली तर तिथेच सांगून टाका. गर्दीचे खेळ सकाळीच उरका. चुकामूक झाल्यास भेटायची जागा आधी ठरवा. आणि आजी असेल, तर खलबत न करता तिला बरोबर घ्या.