पाहुण्यांची पाळी

गोदावरी व कादवा यांच्या संगमावर नांदूर मधमेश्वरचा बंधारा इंग्रजी अमदानींत बांधला गेला, तो कालव्यांसाठीं. पुढें गाळ सांचला, पाणी उथळ झालें, पाणवनस्पति माजल्या. आणि हिवाळ्यांत उत्तरेकडील बदकांचे व चक्रवाकांचे थवे तेथें उतरूं लागले. इंजिनिअरच्या वहींत जो तोटा, तोच पांखरांच्या पदरीं लाभ ठरला! १९८६ सालीं तेथें अभयारण्य झालें. २०२० सालीं रामसर करारान्वयें महाराष्ट्रांतील पहिली पाणथळ जागा म्हणून तें जाहीर झालें. तथापि नुसत्या नांवानें पांखरांचें पोट भरत नाहीं. पाणी एकाएकीं चढलें, कीं तळचें खाद्य बुडी न मारणाऱ्या बदकांच्या आटोक्याबाहेर जातें. शेतकऱ्याचें पाणी तोडावें, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु कालव्याच्या पाळ्या ठरवितांना या पाहुण्यांचीहि एक पाळी धरावी, एवढेंच आमचें मागणें आहे.