चुंबक का नेलंस?

आमच्या धुळ्याच्या शाळेतलं लोहचुंबक हरवलं. चौथीतल्या एका मुलाच्या दप्तरात ते सापडलं आणि सगळ्यांसमोर मी त्याला 'चोर' म्हणाले. तो खाली मान घालून पुटपुटला, "बाई, संध्याकाळी आमच्या गॅरेजवर या ना."

मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या त्या गॅरेजात एक जुनी लँड रोव्हर उभी होती. एका हौशी गृहस्थांनी विकत घेतलेली. मुलाने दाराला चुंबक लावलं. चिकटेचना! "बाई, हे ॲल्युमिनियम आहे." १९४८ साली इंग्लंडमध्ये ही गाडी निघाली, तेव्हा महायुद्धामुळे तिकडे पोलादाची टंचाई होती. म्हणून वरचा पत्रा ॲल्युमिनियमचा, चासी मात्र पोलादाची.

मग त्याने चासीवर चुंबक फिरवलं. ते घट्ट चिकटत होतं. एका जागी मात्र निसटलं. तिथे गंजून पडलेलं भोक पुट्टी भरून, वर रंग मारून लपवलं होतं! त्याचे वडील म्हणाले, "आता इथे नवा पत्रा वेल्ड करतो. नाहीतर खड्ड्यात चासीच मोडायची."

दुसऱ्या दिवशी वर्गात, सगळ्यांसमोरच, मी त्याची माफी मागितली. न विचारता वस्तू नेऊ नये, हे खरंच. पण "का नेलंस?" हे मी तरी कुठे विचारलं होतं?